जोशी-अभ्यंकर खटला पुराव्यावर उभा कसा राहिला?

विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "जोशी आणि अभ्यंकर या दोन्ही घरांत प्रसंग सांगायला त्या वेळी घरात असलेलं कुणी जिवंत उरलं नाही. मग खटला फाशीपर्यंत गेला कसा? टोळीतल्याच एकाने माफीच्या बदल्यात दिलेल्या साक्षीवर विसंबणं न्यायाला धरून होतं का? आणि आजच्या साधनांनी हे खून चार दिवसांत उघडकीला आले असते का?"

मी तीस वर्षांहून जास्त काळ सत्र न्यायालयात खुनाचे खटले चालवले. आधी बचावाच्या बाजूने, नंतर सरकार पक्षाच्या. १९७६-७७ साली पुण्यात झालेल्या दहा खुनांच्या या खटल्याशी माझा व्यावसायिक संबंध काही नाही, कारण तो चालला तेव्हा मी शाळेत होतो. पण मी पुण्यातला. १९७६ च्या डिसेंबरात संध्याकाळी सात वाजता आमच्या वाड्याचा दिंडीदरवाजा लावून घेतला जायचा आणि कुणी कडी वाजवली तर आई आधी नाव विचारायची, मग आवाज ओळखायची, मगच अडसर काढायची. हे मी पाहिलेलं आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुमचे प्रश्न तीन आहेत, पण तिन्हींचं उत्तर मला एकाच ठिकाणी दिसतं. ते ठिकाण म्हणजे पेशवे पार्कमधलं तळं. तिथवर जाण्याआधी घटनाक्रम सांगतो, कारण या खटल्याबद्दल बोलणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात तो उलटसुलट झालेला असतो.

राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह हे चौघे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी दहा माणसं मारली. पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला प्रकाश हेगडे. त्याच्या वडिलांचं महाविद्यालयाच्या मागेच उपाहारगृह होतं, म्हणजे पैसा आहे असा हिशेब. जानेवारीच्या मध्याला त्याला फूस लावून कर्वे रस्त्यावरच्या जक्कलच्या शेडमध्ये नेलं. आपण घर सोडून जात आहोत अशी चिठ्ठी त्याच्याच हाताने वडिलांच्या नावे लिहून घेतली. रात्री पेशवे पार्कात नेऊन नायलॉनच्या दोरीने गळा आवळला, प्रेत लोखंडी पिंपात घातलं, वर दगड भरले आणि पिंप तळ्यात सोडलं. खंडणीची चिठ्ठी घरी पोचली ती दुसऱ्या दिवशी. मुलगा तोवर गेलेला होता.

ऑगस्टमध्ये कोल्हापुरात एका घरावर डाव टाकायचा प्रयत्न केला, तो फसला. ३१ ऑक्टोबर १९७६ ला विजयनगर कॉलनीतलं जोशींचं घर. पती, पत्नी, आणि नंतर घरी आलेला त्यांचा तरुण मुलगा, तिघांचाही गळा नायलॉनच्या दोरीने आवळलेला. २२ नोव्हेंबरला शंकरशेट रस्त्यावरच्या एका बंगल्यात शिरले. तिथल्या बाईंनी आणि दोन नोकरांनी जोरदार प्रतिकार केला आणि हे पळाले. तिथून नऊ दिवसांनी, १ डिसेंबरला, रात्री आठच्या सुमारास भांडारकर रस्त्यावरच्या 'स्मृती' बंगल्याची घंटा वाजली. आजोबा, आजी, नातू, नात आणि घरात काम करणाऱ्या बाई असे पाचजण त्या रात्री गेले. मुलांचे आईवडील बाहेर गेलेले होते म्हणून वाचले.

ते आजोबा म्हणजे काशिनाथशास्त्री अभ्यंकर, वय अठ्ठ्याऐंशी. संस्कृत व्याकरणाचा त्यांचा इंग्रजी कोश १९६१ साली बडोद्याहून निघाला. वडील वासुदेवशास्त्रींनी पातंजल महाभाष्याचं मराठी भाषांतर केलं होतं, त्याला जोडलेला प्रस्तावनाखंड काशिनाथशास्त्रींचा. इथे थोडं विषयांतर होतंय, पण या खटल्यावर बोलताना चौघा मारेकऱ्यांची नावं तोंडपाठ असलेली माणसं भेटतात आणि 'अभ्यंकर' हे मात्र त्यांच्या लेखी खटल्याचं नुसतं नाव असतं, याचा मला फार त्रास होतो. व्याकरणाच्या अभ्यासकाला आजही ज्यांचा कोश हाताशी लागतो, असा तो माणूस होता.

शेवटचा खून २३ मार्च १९७७ चा. अनिल गोखले हा महाविद्यालयातल्याच एका मित्राचा धाकटा भाऊ. भावाला भेटायला तो अलका टॉकीजवर जायचा होता. जक्कलने मोटरसायकलवर सोडतो म्हटलं, म्हणून तो मागे बसला. पुन्हा तीच शेड, तीच दोरी. या वेळी प्रेत लोखंडी शिडीला बांधून, दगडांचं वजन लावून बंडगार्डनजवळ नदीत टाकलं.

ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येरवड्याच्या बाजूला वर आलं.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. तपासाला चौदा महिने लागले यावरून पोलिसांना दोष देणारे पुष्कळ आहेत. मी पोलिसांचा कैवारी नाही. उलटतपासणीत त्यांच्या चुका काढण्यातच माझी पहिली पंधरा वर्षं गेली. पण इथे अडचण कुठे होती ती नीट समजून घ्या. खुनाच्या तपासाची नेहमीची वाट मृतापासून सुरू होते. त्याच्याशी कुणाचं वाकडं होतं, कुणाचा पैसा अडकला होता, घरात कोण येत-जात होतं? शंभरातल्या बहुतेक खुनांत मारणारा या वर्तुळाच्या आतच सापडतो. जोशींच्या आणि अभ्यंकरांच्या घरातून निघालेल्या या वाटा कितीही चालल्या तरी मारेकऱ्यांपर्यंत पोचत नव्हत्या. घरात वैर नव्हतं, वाद नव्हता, आणि पाच माणसांच्या जिवापुढे चोरीचा ऐवज किरकोळ होता. 'कशासाठी?' या प्रश्नाला उत्तर मिळत नाही तेव्हा 'कोण?' हा प्रश्न अख्ख्या शहरभर पसरतो. पुण्यात तेव्हा तेच झालं होतं.

ओळखीतला बळी त्यांनी आधीच घेतला होता, तो हेगडे. ती वाट थेट त्यांच्या वर्गापर्यंत जात होती. पण तिथे प्रेतच नव्हतं. हाती काय होतं? घर सोडल्याची, मुलाच्या स्वतःच्या अक्षरातली चिठ्ठी आणि नंतर आलेली खंडणीची मागणी. हे दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत. स्वतःहून निघून गेलेल्या मुलासाठी खंडणी कोण मागेल? आज आपण शेवट ठाऊक असताना हे बोलतो. पण खून झाला आहे हे धरून चालायला प्रेत हाती नव्हतं, आणि नऊ महिन्यांनी एका बंद घरात मारलेल्या तीन माणसांशी या बेपत्ता मुलाचं नातं जोडायला तर काहीच नव्हतं. मारेकऱ्यांचा मूळ गुन्हा त्या तळ्यात चौदा महिने दडून राहिला, आणि म्हणून पुढचे नऊ खून सुटे सुटे दिसत राहिले.

तपास सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या पथकाकडे होता. त्यांनी धरून ठेवलेला धागा म्हणजे नायलॉनची दोरी आणि तिच्या गाठी. गाठींबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हा भाग वर्गात कुणी शिकवत नाही.

गळा आवळून मारलेल्या माणसाच्या गळ्यावर दोरीचा वळ साधारण आडवा, गळ्याभोवती पूर्ण फिरलेला आणि कंठाच्या मध्यावर किंवा खाली असतो. गळफासात तो वर, हनुवटीच्या जवळ, तिरका आणि गाठीच्या बाजूला तुटलेला असतो. हे डॉक्टर सांगतात. पण दोरी कशी बांधली होती हे डॉक्टर सांगू शकत नाहीत, ते फक्त दोरीच सांगते. म्हणून नियम असा की गाठ कधी सोडायची नाही. गाठीपासून दूर, उलट बाजूला दोरी कापायची, कापलेली दोन्ही टोकं धाग्याने बांधून ठेवायची म्हणजे कुठलं टोक तपासातलं आणि कुठलं गुन्ह्यातलं याचा गोंधळ होत नाही. मग पंचांसमक्ष लाखेचं सील.

माझ्या हातून गेलेला एक खटला सांगतो. तालुक्याच्या गावातली एकटी राहणारी म्हातारी, गळ्याला सुती दोरी. आरोपी मालट्रकवर हमाली करायचा. ट्रकवरचा माल आवळायला हमाल जी सरकती गाठ मारतात ती घरी कुणी मारत नाही. पहिल्यांदा पोचलेल्या हवालदाराला वाटलं बाईत धुगधुगी असेल, म्हणून त्याने घाईघाईने गाठ सोडली. माणूस म्हणून त्याने योग्यच केलं. पण मग पंचनाम्यात त्या गाठीचं वर्णन यायला हवं होतं, ते एका शब्दानेही नव्हतं. न्यायालयात माझ्यापुढे आलं ते दोरीचं एक सरळ भेंडोळं. गाठ कशी होती हे त्या हवालदाराला तीन वर्षांनी आठवेना, आणि आठवलं असतं तरी बचावाच्या वकिलाने ते टिकू दिलं नसतं. आरोपी सुटला. त्या बाईंची मुलगी निकालानंतर न्यायालयाच्या पायरीवर बसून राहिली होती. मी तिच्याजवळ गेलो, पण बोलायला माझ्याकडे काही नव्हतं.

म्हणून जोशी, अभ्यंकर आणि गोखले यांच्या प्रेतांवरच्या दोऱ्या एकमेकींशेजारी ठेवून त्यांच्या गाठी कुणीतरी ताडून पाहिल्या, याचं मला फार मोल वाटतं. तरी तुम्ही वकील होणार आहात, तेव्हा फरक लक्षात ठेवा. गाठ म्हणजे बोटाचा ठसा नाही. सारखी गाठ हजार माणसं मारू शकतात. गाठींवरून 'हे सगळे खून एकाच हातचे असावेत' एवढा अंदाज बांधता येतो, 'हा हात अमक्याचा' हे नाही. गाठींनी गुन्हे एकमेकांना जोडले गेले. माणसाला गुन्ह्याशी जोडण्यासाठी दुसरं काहीतरी हवं होतं.

ते नदीने दिलं. नुकतंच मेलेलं माणसाचं शरीर पाण्यात बुडतं, मग आत वायू साचतात आणि ते फुगून वर येऊ लागतं. उन्हाळ्यात हे फार लवकर होतं. मारणारा माणूस वजनाचा अंदाज बांधतो तो बुडणाऱ्या शरीराचा, वर येणाऱ्या शरीराचा नाही. हेगडेच्या वेळी बंद पिंप होतं, गोखलेच्या वेळी शिडी.

त्याहून मोठी चूक म्हणजे त्यांनी पुन्हा ओळखीतला मुलगा निवडला. आणीबाणी उठून दोन दिवस झाले होते, दिल्लीत सरकार बदलत होतं, आणि ज्या संध्याकाळी हे प्रेत वर आलं त्याच दिवशी मोरारजी देसाईंनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली होती. पोलिसांसमोर मात्र चौदा महिन्यांत पहिल्यांदाच असा खून होता ज्यात नेहमीची वाट चालत होती. मुलगा कुठे निघाला होता? अलका टॉकीज. कुणाला भेटायला? भावाला. भावाचे मित्र कोण? वाट अभिनव कला महाविद्यालयाच्या दाराशी आली, आणि त्या दाराशी आणखी एक नाव आधीच उभं होतं: प्रकाश हेगडे.

चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं तेव्हा कोण कुठे होतं याच्या हकिगती जुळेनात. हे ऐकायला साधं वाटतं. चार माणसांनी एकत्र बसून खोटं रचलं तर ते मुख्य प्रसंगापुरतं रचलेलं असतं. त्याआधी चहा कुठे घेतला, पैसे कुणी दिले, परत येताना कोण कुणाच्या मागे बसलं, हे रचलेलं नसतं. चांगला तपास अधिकारी खुनाबद्दल विचारतच नाही, तो चहाबद्दल विचारतो. मग त्यांच्याच वर्गातल्या एका मित्राने तोंड उघडलं आणि हेगडेचं काय झालं ते सांगितलं. त्या पहिल्या खुनात सामील असलेल्या दुसऱ्या एकाने त्याला दुजोरा दिला. हा दुसरा पुढे माफीचा साक्षीदार झाला. तळं धुंडाळलं गेलं आणि पिंप वर आलं.

आता कायदा. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात येत नाही. जुन्या भारतीय पुरावा कायद्याची कलमं २५ आणि २६ ती दारं बंद करतात. कलम २७ एक छोटी खिडकी उघडी ठेवतं. ताब्यातल्या आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट उघडकीला आली, तर त्या माहितीचा त्या शोधाशी थेट निगडित असलेला भागच तेवढा वाचता येतो. 'पिंप तळ्यात टाकलं आहे, जागा दाखवतो' हे येतं. 'मी त्याचा गळा आवळला' हे येत नाही. ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने डिसेंबर १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या प्रकरणात ही सीमा आखून दिली आणि ती आजही तशीच आहे. आणि माहिती आरोपीने न देता साक्षीदाराने दिली असेल, तर सापडलेली वस्तू त्या साक्षीदाराच्या बोलण्याला पुष्टी देते. म्हणून निकालपत्र वाचताना प्रत्येक वस्तूपाशी थांबून विचारा: ही कुणाच्या तोंडून निघाली, आणि ती निघण्याआधी पोलिसांना ठाऊक होती का? जी जागा पोलिसांना आधीच माहीत आहे, ती आरोपीने 'दाखवली' तरी त्याला कलम २७ चं वजन नाही.

पिंपाचं बळ इथे कळतं. दोरी बाजारात मिळते. सोन्याची वस्तू सोनाराकडे वितळते. अलका टॉकीजजवळ कुणी कुणाला मोटरसायकलवर पाहिलं, यावर उलटतपासणीत तासभर झुंजता येतं. पण ज्या बागेत अख्ख्या पुण्याची पोरं फुलराणी या छोट्या आगगाडीत बसायला जायची, तिथल्या तळ्याच्या तळाशी लोखंडी पिंपात दगड भरून माणूस ठेवला आहे, हे अंदाजाने सांगता येत नाही. कुणाला हे ठाऊक असेल तर तो तिथे होता, किंवा तिथे असलेल्याने त्याला सांगितलं. तिसरी शक्यता नाही. बचावाकडून कितीतरी खटले लढलेला माणूस म्हणून सांगतो, असा पुरावा समोर आला की वकिलाच्या वहीतलं ते पान कोरंच राहतं.

दुसरा प्रश्न माफीच्या साक्षीदाराचा. तुमची अस्वस्थता मला योग्य वाटते. स्वतःची मान सोडवण्यासाठी दुसऱ्याकडे बोट दाखवणारा माणूस कुठल्याही काळात संशयास्पदच. कायद्यालाही हे माहीत आहे. पुरावा कायद्याचं कलम १३३ म्हणतं की सहगुन्हेगाराच्या एकट्या साक्षीवर दिलेली शिक्षा केवळ त्या कारणाने बेकायदा ठरत नाही. लगेच कलम ११४ चं (ब) उदाहरण म्हणतं की महत्त्वाच्या तपशिलांत पुष्टी मिळाल्याशिवाय सहगुन्हेगार विश्वासाला पात्र नाही असं न्यायालय गृहीत धरू शकतं. दोन्ही एकत्र वाचायची. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली सरवण सिंग प्रकरणात दुहेरी कसोटी सांगितली: आधी तो साक्षीदार मुळात विश्वासार्ह वाटतो का, आणि मग त्याच्या सांगण्याला पुरेशी पुष्टी आहे का. ही पुष्टीही दोन प्रकारची लागते. गुन्हा तसा घडला याची, आणि या आरोपीचा त्यात हात होता याची. पहिली सहज मिळते, कारण साक्षीदार स्वतःच तिथे असतो, त्याला सगळं माहीत असतंच. निष्पाप माणसाचं नाव गोवलं जाण्याचा धोका दुसरीत असतो, आणि न्यायाधीशाचा खरा कस तिथेच लागतो.

हे नुसतं पुस्तकी नाही. पुण्यात हे चौघे पकडले गेले त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खून खटल्याचा निकाल दिला. तो खटलाही मोठ्या प्रमाणात माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. तिथे कटाचे सूत्रधार म्हणून उभ्या केलेल्या दोघांना शेवटी वरच्या न्यायालयात सोडण्यात आलं. गावात त्यावर काय बोललं गेलं असेल ते असो, पण पुष्टीचा नियम ज्यासाठी आहे ते काम त्याने केलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचलेत तर हा विषय तुम्हाला कायमचा कळेल.

माफीबद्दल आणखी एक गैरसमज पुसतो. माफी म्हणजे त्याच दिवशी सुटका नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ प्रमाणे त्याने सगळं खरं आणि पूर्ण सांगायचं, स्वतःचा भाग न लपवता. आधी जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत कोठडीतच राहायचं. काही दडवलं किंवा खोटं बोलला तर कलम ३०८ खाली त्याच्यावरच खटला चालतो. शिवाय या खटल्यातला माफीचा साक्षीदार पहिल्या खुनाचा वाटेकरी होता. भांडारकर रस्त्यावर त्या रात्री काय झालं हे तो पाहिल्यासारखं सांगू शकत नव्हता. म्हणजे त्याच्या एकट्याच्या शब्दावर चौघे दहा खुनांसाठी फासावर गेले, ही तुमच्या प्रश्नात गृहीत धरलेली गोष्टच बरोबर नाही. प्रत्येक घराचा पुरावा वेगळा तपासावा लागतो.

खटला १५ मे १९७८ ला सुरू झाला आणि सत्र न्यायाधीश वा. ना. बापट यांनी २८ सप्टेंबरला चौघांना फाशी सुनावली. दहा खून, आणि साडेचार महिन्यांत निकाल. आज एका खुनाचा खटला सात-आठ वर्षं रेंगाळताना पाहिला की हा आकडा आठवतो. लवकर साक्ष झाली की पंचांना गाठ आठवते, दोरीचा रंग आठवतो. ६ एप्रिल १९७९ ला मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली.

या वेगावरही एक टीप. २००७ साली पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका बीपीओ कर्मचारी तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांची फाशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम झाली होती. पण दयेचा अर्ज आणि पुढची अंमलबजावणी यांत शासनाकडून इतका विलंब झाला की २०१९ साली उच्च न्यायालयाने ती बदलून ३५ वर्षांची कैद केली. गुन्हा सिद्ध झाला नव्हता असं नाही, फक्त कागद वेळेवर हलले नव्हते. फाशी असावी की नसावी यावर माझं मत तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून सांगत नाही. पण फाशी ठेवायची असेल तर तिच्या फायली अशा पडून राहणं आरोपीच्या घरच्यांवरही अन्याय आहे आणि मृताच्या घरच्यांवरही.

राहिला तंत्रज्ञानाचा प्रश्न. गोखलेचा खून आज खरोखर दोन दिवसांत उघड झाला असता. टिळक चौकात कॅमेरे आहेत, मोटरसायकलचा क्रमांक, मोबाइलचं शेवटचं ठिकाण, सगळं मिळालं असतं. अभ्यंकरांच्या घरात तोंडात कोंबलेल्या बोळ्यांवर आणि दोरीवर डीएनए शोधता आला असता, पण तो कुणाशी ताडायचा? संशयित हाती असल्याशिवाय डीएनए म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं टप्प्याटप्प्याने सक्तीचं होत आहे, आणि कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करायचं आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. माझ्या त्या म्हातारीच्या गळ्यातली गाठ अशा चित्रीकरणात राहिली असती. कलमांचे क्रमांकही बदलले आहेत, परीक्षेत घोटाळा नको: २५ ते २७ आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये एकत्र आली आहेत, १३३ चं १३८ झालं आहे, आणि माफीचं ३०६ आता ३४३.

पण हेगडेचं काय झालं असतं? फोन बंद, मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी, मुलगा वयाने मोठा. आजही अनेक ठाण्यांत अशा वेळी आईवडिलांना "मित्रांकडे विचारलंत का, येईल दोन दिवसांत" असं ऐकावं लागतं. मी ते ऐकलेले आईवडील माझ्या कार्यालयात पाहिले आहेत. चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात आहे म्हणजे ती स्वतःच्या इच्छेने लिहिली असं होत नाही. मजकुरातली रोजच्या बोलण्यात नसलेली भाषा, थरथरलेली अक्षरं, घरात तसाच राहिलेला पैसा आणि कपडे, हे पहिल्या दिवशी पाहायचं असतं. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. तळ्यातलं ते पिंप जानेवारीतच निघालं असतं, तर विजयनगर कॉलनीतलं आणि भांडारकर रस्त्यावरचं घर नांदतं राहिलं असतं.

शेवटी, अभ्यासाला सुरुवात कुठून करायची तेही सांगतो. निकाल हाती आला की पहिल्या पानापासून जाऊ नका. आधी गोखलेच्या खुनाचा भाग वाचा, मग हेगडेचा, मग त्या दोन घरांचा. तपास त्याच क्रमाने गेला होता.